सातवा छर्रा

मला ऑटोमॅटिक गिअरबॉक्स शिकवला तो एस्तेर साळवे यांनी. त्या इंजिनिअर नव्हत्या. केंद्र सरकारच्या एका खात्यात अनुवादाचं काम करायच्या. मूळच्या नगरच्या, लग्न न केलेल्या, आणि लहानपणच्या पोलिओमुळे डावा पाय जवळजवळ निकामी. इंजिनिअर मी होतो, म्हणजे तसा कागद माझ्याकडे होता. कारंज्याला मराठी शाळेत शिकलो, अमरावतीला बी.ई. झालो. आमच्या घराण्यात पदवी घेतलेला मी पहिला. वडील कापसाच्या जिनिंगमध्ये हमाली करायचे. माझ्या प्रमाणपत्राला त्यांनी काच लावून घेतली होती, आणि आल्यागेल्याला ते दाखवताना आधी ती काच सदऱ्याच्या टोकानं पुसायचे.

दिल्लीत सरकारी गाड्यांच्या वर्कशॉपमध्ये नोकरी लागली, आर. के. पुरमला क्वार्टर मिळालं. पुढे नोकरी सोडून नोएडात स्वतःचं वर्कशॉप काढलं आणि दारावर ‘फक्त ऑटोमॅटिक’ अशी पाटी लावली. आता ते मुलीच्या हाती आहे. इथल्या मराठी मंडळाच्या दिवाळी अंकासाठी चार पानं लिहा असा निरोप आला तेव्हा ठरवलं, नोकरीची जंत्री द्यायची नाही. एका गाडीविषयी लिहायचं.

आधी ज्यांना यातलं काही माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. साध्या गाडीत गिअर बदलताना डाव्या पायानं क्लच दाबावा लागतो. ऑटोमॅटिकमध्ये ते काम तेल करतं. पंप तेल दाबतो, ते तेल एका जाड, चपट्या ओतीव ठोकळ्यातल्या नागमोडी वाटांमधून फिरतं, आणि वेग बघून कुठली क्लच-प्लेट आवळायची, कुठली सोडायची ते ठरतं. या ठोकळ्याला व्हॉल्व्ह बॉडी म्हणतात. तो गिअरबॉक्सचा मेंदू. त्या वाटांमध्ये पोलादाचे छोटे छर्रे असतात. तेल एका बाजूनं आलं की छर्रा सरकून दुसरी बाजू बंद करतो. एवढंच त्याचं काम. नवं तेल कोकमच्या सरबतासारखं लाल दिसतं. ते तपकिरी झालं आणि करपल्यासारखा वास आला की समजावं, फार उशीर होण्याच्या आत काहीतरी करायला हवं.

त्या काळात दिल्लीतही ऑटोमॅटिक गाड्यांची ही जात दुर्मीळ होती. एखाद्या वकिलातीतून बदली होऊन जाणारा माणूस विकून गेलेली, नाहीतर बाहेरून आणलेली. आमच्या वर्कशॉपमध्ये अशी एक गाडी आली तेव्हा ती चालवून बघायला चौहानजी बसले. तीस वर्षांचा अनुभव असलेले ड्रायव्हर. त्यांचा डावा पाय सवयीनं क्लच शोधायचा आणि ब्रेकवर पडायचा. गाडी गचकन थांबायची, आणि मागे बसलेले आम्ही पुढच्या सीटवर आपटायचो. चौथ्यांदा आपटल्यावर चौहानजी खाली उतरले, गमछा काढला आणि आपला डावा गुडघा सीटला बांधून टाकला. “क्या करें साहब,” ते म्हणाले, “तीस साल की नौकरी थी इस टाँग की, एकदम से रिटायर थोड़े ही होगी.”

एस्तेरताईंच्या डाव्या पायाला अशी अडचण नव्हती. त्यांना चालवता येईल अशी हीच एक गाडी होती, पिस्त्याच्या फिक्या रंगाची, जुनी, जपानी. कुठल्याशा परदेशी बाईंकडून त्यांनी ती घेतली होती.

आमची ओळख कोपर्निकस मार्गावर झाली. रविवारी तिथल्या आपल्या राज्याच्या सदनाच्या कँटीनमध्ये मराठी जेवण मिळायचं, म्हणून मी आणि माझी बायको शैला तिथं जायचो. एकदा बाहेर पडलो तर फाटकाशी ही पिस्ता गाडी अडलेली. इंजिन चालू, गिअर टाकलेला, पण गाडी जागची हलेना. भोवती पाचसहा ड्रायव्हर सल्ले देत उभे. मी पुढे झालो, इंजिन बंद केलं, तेल मोजायची पट्टी काढली, खिशातल्या कापसाच्या बोळ्यानं पुसली, परत घालून काढली आणि सांगितलं, “तेल पुरेसं आहे, मॅडम. दोष आतला आहे.”

आतल्या बाईंनी मला खालपासून वर पाहिलं. मग मांडीवरचं एक जाड पुस्तक उघडून त्या मराठीत म्हणाल्या, “यात लिहिलंय, इंजिन गरम असताना आणि चालू ठेवून मोजायचं. बंद केलं की सगळं तेल खाली उतरतं आणि पट्टी खोटं सांगते. आणि कापसानं पुसायचं नाही. त्याचे तंतू आत जाऊन अडकतात. तुम्ही काय करता?”

“मी इंजिनिअर आहे,” मी म्हणालो.

“असू दे. आता चालू ठेवून बघा.”

चालू ठेवून पाहिलं तर पट्टी कोरडी. शैला माझ्यामागे उभी राहून हसत होती. एका टॅक्सीवाल्याला तेल आणायला पाठवलं, ओतलं, आणि गाडी निघाली.

त्यानंतर रविवारी आमच्या ब्लॉकमागच्या गल्लीत त्यांची गाडी यायला लागली. दिल्लीतल्या दोन गॅरेजांनी ‘पूरा गिअरबॉक्स बदलना पड़ेगा’ असं सांगून त्यांना परत पाठवलं होतं, म्हणून त्यांनी ठरवलं होतं की काम स्वतःच करायचं. पण गाडीखाली शिरायला पाय हवेत. ते माझ्याकडे होते. मला ते इंग्रजी मॅन्युअल एका दमात वाचता यायचं नाही. परीक्षेपुरतं इंग्रजी मी घोकलं होतं, पण अर्धं पान लांबीचं वाक्य आलं की शेवटाला पोचेपर्यंत सुरुवात विसरायचो. ताई खुर्चीवर बसून एकेक वाक्य वाचायच्या, मी गाडीखालून त्याचा अर्थ सांगायचो. चुकलो तर त्या वाक्य फोडून दाखवायच्या: “कर्ता कोण? पंप. पंप काय करतो? मग क्रियापदाकडे जा ना, विशेषणांत काय अडकतोस?” असं करत वर्षभरात मी इंग्रजी शिकलो आणि आम्ही दोघंही गिअरबॉक्स. नोएडात मी परदेशी मॅन्युअलं सराईतपणे वाचायचो, ते त्या गल्लीतलं शिक्षण.

सुताराकडून दोन उतरते लाकडी ओटे करून घेतले. गाडीची पुढची चाकं त्यावर चढवायची, मागच्या चाकांना विटा लावायच्या. गिअरबॉक्सखालची तेलाची परात काढली की तेल बाहेर येतं, पण सगळं येत नाही. निम्म्याहून जास्त आतच राहतं. म्हणून तेल तीनदा बदलायचं, मध्ये आठवडाभर गाडी चालवायची. परातीत एक लोहचुंबक असतं. त्यावर काजळासारखा काळा लेप असेल तर घाबरायचं नाही, ती रोजची झीज. चमकदार कपचे दिसले तर मात्र देवाचं नाव घ्यायचं. आमच्या चुंबकावर काजळच निघालं. पुसायला आम्ही माझा जुना टेरिकॉटचा सदरा फाडला, कारण टेरिकॉटचे तंतू सुटत नाहीत. तिसऱ्यांदा लाल तेल लालच राहिलं तेव्हा ताईंनी पट्टी उन्हात धरून सगळ्या गल्लीला दाखवली.

एक दोष उरला. गाडी तापली की दुसऱ्या गिअरमधून तिसऱ्यात जायला कचरायची. मॅन्युअल म्हणत होतं, व्हॉल्व्ह बॉडी खाली उतरवून धुवा.

आणि आता घाई होती. ताई त्या वर्षाअखेर निवृत्त होणार होत्या, क्वार्टर सोडायचं होतं. त्यांनी गुरगावला एका सोसायटीत फ्लॅट घेतला होता. तेव्हाचं गुरगाव म्हणजे मोहरीच्या शेतात उभे राहिलेले दोनतीन टॉवर आणि अर्धवट रस्ता. बस नाही, रिक्षा नाही, दूध आणायचं तरी दोन किलोमीटर. पुण्याहून धाकटा भाऊ सॅम्युअल सारखा बोलवत होता. माणूस प्रेमळ, पण बहिणीला सांभाळायचं म्हणजे घरात बसवायचं अशी त्याची समजूत. ताईंनी मला सरळ सांगितलं होतं, “गाडी असेल तर गुरगाव. गाडी नसेल तर सॅमच्या घरातली मागची खोली, आणि कुठं जायचं तर कोणी नेईल तेव्हा. दिवाळीच्या आधी तो यायचाय. त्याला मी स्टेशनवरून गाडीनं आणणार आहे.”

दसऱ्याला सुट्टी होती म्हणून ते काम तेव्हा काढलं. सकाळी व्हॉल्व्ह बॉडी उतरवली. उतरवताना छर्रे टपटप परातीत पडले. ताईंचा नियम होता, मोजून काढायचं, मोजून घालायचं, आणि मोठ्यानं मोजायचं. त्यांनी मोजले. “सात,” त्या म्हणाल्या. सातही धुऊन शैलाच्या स्टीलच्या वाटीत ठेवले. कुठला छर्रा कुठल्या खळग्यातला त्याचं चित्र मी आधी काढून ठेवलं होतं, ते वहीत उघडं.

इतक्यात शैला पूजेचं तबक घेऊन खाली आली. आमच्याकडे दसऱ्याला हत्यारांची पूजा चुकत नाही. वडील जिनिंगमधला हुक पुजायचे, मी नटबोल्टचे पाने पुजतो. तिनं पान्यांना हळदकुंकू वाहिलं, अक्षता टाकल्या, झेंडू ठेवला. मग ठोकळ्याकडे बघून म्हणाली, “याला?”

“त्याला तर आधी,” ताई म्हणाल्या. “सगळं त्याच्याच हातात आहे.”

“तुम्हाला चालेल, ताई?”

“माझे वडील पाद्री होते. ते गाडीवर प्रार्थना म्हणायचे. तू झेंडू ठेव.”

ठोकळा ज्या कागदावर ठेवला होता त्यावर शैलानं झेंडू ठेवले आणि वाटीतही मूठभर पाकळ्या टाकल्या. ताईंची पाठ दुखायला लागली होती, त्या रिक्षानं घरी गेल्या. जाताना परत म्हणाल्या, “मोजून घाल.” श्रीखंड-पुरी जेवून मी खाली आलो तर कागद आवरलेला होता, फुलं उचललेली होती. वाटीत छर्रे सहा.

खुर्चीखाली पाहिलं, परातीत पाहिलं. दोनदा मोजले, सहाच. वर पाहुणे सोनं द्यायला आले होते आणि शैला हाका मारत होती. चित्रात गोल सातच होते. मी त्यातल्या एकाकडे पाहिलं आणि स्वतःला सांगितलं, हे बोल्टचं भोक असणार. बाईंनी सात मोजले ते चुकून. त्या अनुवादक, इंजिनिअर मी. सहा छर्रे घातले आणि बोल्ट आवळले.

दुसऱ्या दिवशी स्कूटरवरून यमुना ओलांडताना शैलानं बांधून दिलेली निर्माल्याची पिशवी मी पुलावरून नदीत टाकली. नमस्कारही केला.

गाडी तिसऱ्यात जायला आता कचरत नव्हती. जातच नव्हती. दुसऱ्याच्या पुढे इंजिन नुसतं ओरडायचं. ताई शेजारी बसल्या होत्या. त्यांनी विचारलं, “काय झालं असेल?” आणि मी म्हणालो, “प्लेटा गेल्या, ताई. गिअरबॉक्स संपला.”

मला तेव्हा कळलं होतं का, असं मुलीनं मला एकदा विचारलं. कळलं होतं. ब्लॉकमध्ये मला सगळे ‘इंजिनिअरसाहेब’ म्हणायचे. एक छर्रा सांभाळता आला नाही हे त्या हाकेसमोर कबूल करायला जीभ उचलेना. ताई म्हणाल्या, “बरं. तू पुष्कळ केलंस.” सॅम्युअल आला तो स्टेशनवरून टॅक्सीनं. दोन दिवस राहिला, बहिणीची पुस्तकं खोक्यांत भरली. निवृत्तीपर्यंतची उरलेली रजा टाकून दिवाळीला ताई त्याच्याबरोबर पुण्याला निघाल्या. तिथूनच सोसायटीला फ्लॅट नको म्हणून कळवणार होत्या. गाडीची किल्ली माझ्या हातात देऊन म्हणाल्या, “कबाड्याला भंगारात देऊन टाक. मॅन्युअल मात्र देऊ नकोस. ते तुझं.”

चार दिवस मी ते पुस्तक उघडलं नाही. पाचव्या दिवशी रविवार होता, हात आपोआप गेला. व्हॉल्व्ह बॉडीचं पान, खाली ताईंनी पेन्सिलीनं मराठीत लिहिलेलं: छर्रे, सात. सातवा तिसऱ्या गिअरच्या वाटेवर.

मी शैलाला सगळं सांगितलं. ती आधी हसली. “म्हणजे तो मीच नेला फुलांबरोबर गोळा करून? आणि तुम्ही यमुनेला वाहिलात?” मग हसणं थांबलं. “आणि त्या पुण्याला गेल्या?”

“आत्ता जातो गाडीखाली. छर्रा घालतो. चालली की फोन करतो.”

“आधी पत्र लिहा.”

“गाडी चालते की नाही ते तरी बघू दे.”

“चालली तर तुम्ही खरं सांगणारच नाही. ‘झाली दुरुस्त’ म्हणाल, आणि उलट त्याच तुमचे आभार मानतील. आधी पत्र.”

बावीस वर्षं वर्कशॉप चालवलं, पुष्कळ हुशार माणसं भेटली, पण यंत्राचा आणि माणसाचा दोष इतक्या चटकन कोणी ओळखलेला मी पाहिला नाही. पत्र लिहिलं. सोमवारी सकाळी स्पीड पोस्टानं टाकलं, आणि तिथून सरोजिनी नगरच्या सायकलवाल्याकडे गेलो. सोबत आदल्या दिवशी ठोकळा पुन्हा उतरवून काढलेला नमुन्याचा एक छर्रा आणि मोजायला कॅलिपर होता. त्याच्या डब्यातले दहाबारा छर्रे मोजल्यावर एक तंतोतंत मिळाला. “बस एक?” तो म्हणाला. “बाऊजी, साइकिल में एक छर्रा कहाँ डालोगे?” कुठे घालणार ते सांगितल्यावर त्यानं दुकानातल्या सगळ्यांना बोलावून ती गोष्ट पुन्हा ऐकवायला लावली.

छर्रा बसवून संध्याकाळी रिंग रोडला गाडी काढली. पहिला, दुसरा, आणि मग इंजिनाचा आवाज असा खाली बसला जसं कोणी मोठा श्वास सोडावा. तिसरा लागला होता. शैला शेजारी होती. दोघांनी मिळून धौला कुआँला दोन फेऱ्या मारल्या, काही कारण नसताना.

फोन मी केला नाही. पत्राचं उत्तर येईपर्यंत थांबायचं ठरवलं होतं. पोस्टकार्ड आलं, दोन ओळींचं: ‘सातही घाल, मोठ्यानं मोजून. सोसायटीला लिहिलेलं पाकीट फाडलं आहे. गुरुवारी येते, स्टेशनवर गाडी घेऊन ये, मी चालवीन.’ गुरुवारी सॅम्युअलही बरोबर होता, खात्री करायला. निजामुद्दीनपासून गुरगावपर्यंत तो मागे पुढच्या सीटची पाठ घट्ट धरून बसला होता. टॉवरखाली उतरताना म्हणाला, “ताई, तू जरा फास्ट चालवतेस.” त्यांच्या घराण्यात याला आशीर्वाद म्हणत असावेत.

पुढची अकरा वर्षं ताई त्या फ्लॅटमध्ये राहिल्या. भोवती शहर उभं राहिलं. पुण्यामुंबईची सॉफ्टवेअरवाली मुलंमुली शेजारी आली, त्यांच्याकडे नव्या ऑटोमॅटिक गाड्या, आणि बॉनेट कुठून उघडतं तेही माहीत नाही. रविवारी सकाळी ताई खाली खुर्ची टाकून बसायच्या, मांडीवर मॅन्युअलची झेरॉक्स, आणि गाड्या रांगेनं उभ्या. “इंजिन चालू ठेव. कापूस नको. आता वाच.” कोणी म्हणालं, “आंटी, सर्व्हिस सेंटरला देऊ ना,” तर म्हणायच्या, “दे की. पण आधी तुला कळू दे काय देतोयस.” मी कधीमधी जायचो. तिथं माझी ओळख ‘आंटींचा विद्यार्थी’ अशी होती.

आता त्या पुण्यात असतात, स्वतःच्या घरी, सॅम्युअलच्या शेजारी. नव्वदीला टेकल्या आहेत. या लेखाविषयी कळवलं तेव्हा त्यांनी माझं ते पत्र पाठवलं, घड्या पडलेलं, एका कोपऱ्याला लाल तेलाचा डाग लागलेलं. सोबत चिठ्ठी: ‘छापायचं तर पूर्ण छाप, सारवासारव करू नकोस.’ म्हणून तसंच देतो.

आर. के. पुरम, नवी दिल्ली
रविवार

आदरणीय एस्तेरताई,

सा. न. वि. वि.

गिअरबॉक्स संपला असं मी तुम्हाला सांगितलं ते खोटं आहे. प्लेटा गेलेल्या नाहीत. छर्रे सात होते, तुम्ही बरोबर मोजले होते. मी सहा घातले. सातवा दसऱ्याच्या फुलांत गेला आणि ती पिशवी मी स्वतः नदीत टाकली. शैलाचा यात दोष नाही, मोजायचं काम माझं होतं. सहा निघाले तेव्हाच मला संशय आला होता. तुमच्या शेजारी गाडीत बसून बोललो तेव्हा संशय नव्हता, माहीतच होतं. सॅम्युअल खोकी भरत होते तेव्हाही मी येऊन दोरी बांधू लागलो आणि गप्प राहिलो.

मी इंजिनिअर आहे असं मी लोकांना फार सांगतो. तुम्ही ते पहिल्याच दिवशी बाजूला ठेवलंत आणि मला शिकवलंत. माझ्या गावी मला असं कोणी वाक्य फोडून दाखवलं असतं तर मी कदाचित जास्त खरं बोलायला शिकलो असतो. हे कारण म्हणून लिहीत नाही.

उद्या नवीन छर्रा शोधून घालणार आहे. गाडी चालेल असं मला वाटतं, पण खात्री नाही. माझ्या वाटण्यावर तुम्ही आता विश्वास ठेवू नये हेच बरं. कबाड्याला मी अजून बोलावलेलं नाही.

सोसायटीला पत्र टाकलं नसेल तर चार दिवस थांबा, एवढी विनंती. आणि गाडी चालली तरी तुम्हाला पुण्याला राहावंसं वाटलं तर जरूर राहा. पण ते तुम्ही ठरवलेलं असावं. माझ्या खोटेपणामुळे तुम्ही तिथं राहू नये.

आपला नम्र,
दिगंबर